सात नंबरचं मशीन

आमच्या सरांनी दुकानातून नवीकोरी आणलेली एकच वस्तू मी चार वर्षांत पाहिली. खोडरबर. बाकी त्यांच्याकडचं सगळं जुनं होतं. बाकं एका बंद पडलेल्या शिकवणीची, पंखे कुठल्याशा मंगल कार्यालयातले, भिंतीवरचं घड्याळ मेहुण्याच्या लग्नात आहेरात दोन आली म्हणून त्यातलं एक. खोडरबर मात्र दर महिन्याला नवं, पांढरं आणि मऊ. ते जरा कडक झालं की सर ते फेकत नसत, पण वापरतही नसत.

कारण होतं रॅम. कॉम्प्युटर काम करताना जेवढं डोक्यात धरून ठेवतो, ते या रॅमच्या जोरावर. हिरवी, वीतभरापेक्षा थोडी लहान पट्टी असते आणि तिच्या खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग असते. दात काळवंडले की मशीन चालू होताना नुसतं पीं पीं करत बसतं. मग सर ती पट्टी काढायचे, दात खोडरबरनं अलगद घासायचे, दाढीच्या ब्रशनं चुरा झाडायचे आणि पट्टी परत बसवायचे. कुणी फुंकर मारलेली त्यांना खपत नसे. "फुंकरीत थुका असतो," असं ते नव्या मुलींसमोरही सांगायचे आणि मग त्या मुली आठवडाभर त्यांच्याकडे संशयानं बघायच्या.

मुखेडला स्टँडच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या माडीवर, सरांची टायपिंगची संस्था होती. मी तिथं शिकवायला होते. रोज जळकोटहून एस.टी.नं यायचं आणि संध्याकाळी साडेपाचच्या गाडीनं परत जायचं. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि जगातल्या सगळ्यांपेक्षा मला जास्त कळतं, सरांपेक्षा तर नक्कीच, अशी माझी खात्री होती.

खालची गिरणी सुरू झाली की वरचे दिवे डोळे मिचकावायचे. पीठ तर कुठंही जायचं. की-बोर्डमध्ये, पंख्यावर, सरांच्या भुवयांवर. सर पूर्वी टाईपरायटर दुरुस्त करत नांदेडपासून हिमायतनगरपर्यंत कचेऱ्या फिरलेले. टाईपरायटर संपले तशी त्यांनी कॉम्प्युटरची विद्या स्वतःच शिकून घेतली, आणि स्वतः शिकलेला माणूस जितका हट्टी असतो तितके ते हट्टी होते. खोलीत शिरताना प्रत्येकानं आधी खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावायचा, हा त्यांचा नियम. आमच्याकडच्या कोरड्या हवेत अंगात वीज साठते, ती गजात उतरवायची आणि मगच मशीनला हात लावायचा. माझ्या नायलॉनच्या ओढणीवर त्यांचा विशेष राग होता. "ती फडकी खुंटीला अडकीव," म्हणायचे. मी एकदा म्हटलं, सर, मुलींना ओढणी काढायला सांगणं बरं दिसत नाही. त्यावर त्यांनी दुसऱ्या दिवशी घरून बायकोनं धुतलेलं सुती उपरणं आणून माझ्या खुर्चीवर ठेवलं. त्यांच्याशी भांडण करून काही उपयोग नसायचा, कारण ते भांडतच नसत. रागावले की मला 'पोरी'ऐवजी 'मॅडम' म्हणत, बस्स.

एकदा एका शाळेचे गुरुजी मशीन रिक्षात घालून घेऊन आले. नवीन रॅम आणली होती, ती बसत नव्हती, म्हणून गुरुजींनी स्क्रू ड्रायव्हरची मूठ वापरून ती ठोकली होती. पट्टीच्या दातांमध्ये एक खाच असते आणि मशीनमधल्या फटीत तिच्यासाठी एक उंचवटा. जुन्या-नव्या जातींची खाच वेगवेगळ्या जागी असते, म्हणजे चुकीची पट्टी बसूच नये अशी सोयच केलेली असते. गुरुजींनी त्या सोयीवर मात केली होती. सरांनी फुटलेली फट बघितली आणि इतकंच म्हणाले, "गुरुजी, खाच जुळत न्हाई तिथं जोर लावू ने." गुरुजी त्यांच्या जावयाशी भांडून आले होते की काय कोण जाणे, पण त्यांचा चेहरा पडला.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती सांगायची म्हणूनच हे सगळं लिहायला घेतलं आहे.

त्या वर्षी सरकारी टायपिंग परीक्षेचं केंद्र आमच्या संस्थेला मिळणार होतं. अट अशी की दहा मशीन आणि एक जादा, आणि प्रत्येकात किमान अमुक इतकी रॅम. सरांनी एका कचेरीतून निघालेली अकरा मशीन आणली होती. आमच्या जुन्या मशीनपेक्षा ती पुष्कळ नवी, पण रॅम प्रत्येकात निम्मीच. एक फट भरलेली, एक रिकामी. सरांनी आमच्या मेलेल्या मशीनमधल्या पट्ट्या काढून त्या रिकाम्या फटीत घालायचं ठरवलं. जात एकच होती, खाच जुळत होती.

"सर, जुनी पट्टी हळू चालते. जोडीला घातली की नवीही तिच्याच चालीनं चालणार," मी म्हटलं.

"मग? धाकट्यानं थोरल्यासंगं चालताना पाय आवरायचाच असतो."

"नवीन का नाही घेत?"

"ह्या जातीची नवी आता कोण बनवून राहिलंय? बाजारात नवीन डब्यात जुनीच घालून देतेत. त्यापेक्षा ही बरी. हिनं धा उन्हाळे काढलेत माझ्या डोळ्यादेखत."

हे म्हणणं बरोबर होतं आणि म्हणूनच मला राग आला.

पण पट्टी बसली आणि मशीन सुरू झालं म्हणजे काम झालं, असं सरांच्या लेखी नव्हतं. पेन ड्राईव्हवर एक तपासणीचा प्रोग्राम होता. तो रॅमच्या कानाकोपऱ्यात काहीबाही लिहितो, परत वाचतो आणि लिहिलेलं-वाचलेलं जुळलं नाही की पडद्यावर लाल रेघ दाखवतो. बाकीचे लोक तो अर्धा तास चालवतात. सर सकाळी संस्था उघडल्यापासून दिवे लागेपर्यंत चालवायचे, तेही पश्चिमेच्या भिंतीला लावून, पंखा बंद करून, भर उन्हाळ्यात. "थंडीत समदेच शहाणे," हे त्यावरचं त्यांचं उत्तर. लाईट गेली तर तो दिवस बाद, उद्या पहिल्यापासून. एक लाल रेघ दिसली तर पट्टी बाद. दुसरी संधी नाही.

पास झालेल्या मशीनवर समोरच्या बाजूला पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, त्यावर तारीख, आणि ज्यानं दिवसभर बसून पाहिलं त्याची सही. सरांची असो की माझी. दुसऱ्याची सही असलेलं मशीन सर परत तपासत नसत. ही सवय कुठून आली ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आमच्याकडे त्या वेळी वंदनाताई शिकायला येत. वय पस्तीसच्या आसपास. घर विहाराच्या मागच्या गल्लीत. नवरा एका सरकारी कचेरीत शिपाई होता, तो अपघातात गेला आणि त्याच्या जागी अनुकंपा तत्त्वावर यांना कारकुनाची नोकरी मिळाली. बारावी झाली होती म्हणून कारकून. पण अट होती. दोन वर्षांच्या आत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची, नाही तर नोकरी संपली. दोन मुलं आणि सासू त्या पगारावर. दोनदा नापास झाल्या होत्या. ही तिसरी खेप, आणि दोन वर्षं संपायला पाच महिने उरलेले. पुढची परीक्षा त्यानंतर.

लग्नानंतर दहा-बारा वर्षं त्यांनी रोजंदारीवर कापूस वेचला होता. बोटं चपळ होती, पण कळेवर पडायची ती जड. दोन की-बोर्ड त्यांच्या हाताखाली गेले. सरांनी मग जुन्यातला एक दणकट की-बोर्ड शोधून, धुऊन, वाळवून त्यांच्यासाठी ठेवला, आणि तो कायम सात नंबरच्या टेबलावर असायचा. वंदनाताई कचेरी सुटली की धावत यायच्या, गजाला हात लावायच्या आणि सातवर बसायच्या. घरी त्यांनी पुठ्ठ्यावर की-बोर्ड काढला होता, त्यावर रात्रीचा स्वयंपाक झाला की बोटं चालवायच्या. सासू म्हणायची, सून येडी झाली.

"मला न्हाई जमायचं बघा सर," त्या दर आठवड्याला एकदा म्हणायच्या.

"जमून राहिलंय. तुमचं तुमाला दिसंना इतकंच," सर दर आठवड्याला म्हणायचे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी एकच मशीन तपासायचं उरलं होतं. सात नंबर. त्यातली पहिली पट्टी सरांनी दोन दिवसांआधी बाद केली होती. दुसरी घातली, त्या दिवशी लाईट गेली. म्हणून शेवटचा दिवस. सरांना इन्व्हर्टरची बॅटरी आणायला नांदेडला जायचं होतं. जाताना म्हणाले, "दिवसभर हलू नको. लाल रेघ दिसली तर मशीन उचलून बाजूला ठेव. निरीक्षकाला म्हणू, आमच्याकडं धाच मशीन हायत, त्यातलं एक जादा राखून एक परीक्षार्थी दुसऱ्या पाळीत बसवा. काही बिघडत न्हाई."

सकाळी नऊला तपासणी सुरू केली. गिरणी बंद, पंखा बंद, भिंत तापलेली. मी उपरणं डोक्याला बांधून समोर बसले होते. एक वाजता डबा खाल्ला. अडीच वाजता पडद्यावर एक लाल रेघ आली.

एकच. मी बघत बसले. दुसरी येईना. पाच मिनिटांनी लाईट गेली.

त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं. मनात आलं, वीज जाण्याआधी दाब कमी-जास्त झाला असेल, म्हणून आली असेल रेघ. मग आलं, हा म्हातारा काय वेडा आहे, जगात कोणी असं करत नाही. मग आलं, दहाच मशीन आहेत म्हणून सांगायचं, दोन पाळ्या करायच्या, म्हणजे उद्या रात्रीपर्यंत थांबा आणि साडेपाचची गाडी गेली. पावणेतीनला लाईट आली. मी पट्टी काढली, दात खोडरबरनं घासले, परत बसवली आणि तपासणी पुन्हा लावली. साडेपाचच्या थोडं आधीपर्यंत ती चालली. लाल रेघ आली नाही. मी चिकटपट्टीचा तुकडा फाडला, त्यावर तारीख घातली, सही केली, सात नंबरला लावली आणि स्टँडकडे पळाले. गाडीत जागा मिळाली. झोपही लागली.

दुसऱ्या दिवशी मी साडेनऊला पोचले तेव्हा निरीक्षक येऊन बसले होते. नांदेडहून आलेले, पन्नाशीचे, शांत गृहस्थ. सर्व मशीनच्या डब्यांवर त्यांनी सहीचे कागद डकवून सील केलं होतं. आता परीक्षा संपेपर्यंत डबा उघडायचा नाही. सरांनी त्यांना पत्र लिहून दिलं होतं: सर्व अकरा मशीन मी स्वतःच्या जबाबदारीवर तपासली आहेत आणि ती सुस्थितीत आहेत.

सव्वादहाला बैठक क्रमांकांचा कागद दाराला लावला. सात नंबरवर वंदनाताईंचं नाव होतं.

दुसऱ्या कुणाचं नाव असतं तर मी गप्प बसले असते. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच आहे. कुणी कॉलेजचा पोरगा असता तर म्हटलं असतं, बिघडलं तर सहा महिन्यांनी परत बसेल. वंदनाताई जिन्यात बसून पुठ्ठ्याच्या की-बोर्डवर बोटं चालवत होत्या. डोळे मिटलेले. नवी पांढरी साडी, सुती. सरांचा नियम त्यांनी परीक्षेच्या दिवशीही पाळला होता.

सर माठात पाणी ओतत होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "सर, सातमध्ये काल एक रेघ आली होती."

त्यांनी कळशी खाली ठेवली.

"किती वाजता?"

"अडीचला."

"कितींदा?"

"एकदाच. मग लाईट गेली. मग परत लावली, अडीच तास चालली. काही आलं नाही."

"पट्टी तीच?"

"तीच."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं ओरडतील. त्यांनी ओरडावं असंच मला वाटत होतं. ते म्हणाले, "बरं मॅडम," आणि धोतराला हात पुसत आत गेले.

मी त्यांच्या मागं गेले. निरीक्षक पेपरच्या पाकिटावरचं सील दाखवायला दोन साक्षीदार शोधत होते.

"साहेब, सात नंबरचं मशीन खराब हाय. त्या बाईला अकरावर बसवा," सर म्हणाले.

"काय झालं? बंद पडलं?"

"न्हाई. चालू हाय. पण रॅम खात्रीची न्हाई."

निरीक्षक हसले. "अहो सर, चालू आहे ना? सुरू तर होऊ द्या. मध्ये बिघडलं तर जादाचं मशीन आहेच. तसा नियमच आहे."

"मधी बिघडलं तर तवर टाईप केलेलं जाईल."

"परत टाईप करतील."

"घड्याळ परत फिरवणार का तुमी?"

निरीक्षकांनी मान हलवली. घड्याळ फिरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. मग त्यांनी आवाज खाली आणला. मी दाराशी होते म्हणून मला ऐकू आलं. "हे बघा, आता जादाचं मशीन वापरायचं तर मला कारण लिहावं लागेल. आणि सकाळी तुम्ही मला सगळं तपासलंय म्हणून सहीनिशी दिलंय. ते खोटं दिलं असं तुम्हालाच लिहून द्यावं लागेल. मग हे केंद्र राहणार नाही. नुसत्या शंकेसाठी कशाला?"

"द्या कागद," सर म्हणाले.

ते उभ्यानंच लिहायला लागले. मी पुढं झाले. मला म्हणायचं होतं, साहेब, तपासणी मी केली होती. खरंच म्हणायचं होतं. सरांनी वर न बघता डावा हात आडवा धरला, म्हशीला अडवतात तसा, आणि मी थांबले. मी थांबले, हे माझं. ढकलून पुढं जाता आलं असतं.

लिहून झालं तसे ते सातच्या टेबलाजवळ गेले. निरीक्षक बघायला उठण्याआधी त्यांनी मशीनवरची माझ्या सहीची चिकटपट्टी नखानं उचकटली, तिची गोळी केली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

एवढ्यानं भागलं नाही. वंदनाताई आत आल्या आणि सरांनी अकराकडे बोट दाखवल्यावर जागीच थबकल्या.

"कामून? माझा सात नंबर हाय. कागदावर लिवलंय."

"सातचं मशीन बरोबर न्हाई बाई," सर म्हणाले.

"काल परवापर्यंत तर बरोबर होतं! सर, मला सातवरच बसू द्या. माझा हात बसलाय तिथं. पाया पडते तुमच्या." त्या खरंच वाकल्या. बाकीचे नऊ जण वळून बघत होते. "ऐन टायमाला असं करू नका हो. माझी शेवटची खेप हाय, तुमाला म्हाईत हाय ना?"

"म्हाईत हाय म्हणूनच."

"न्हाई, तुमाला न्हाई म्हाईत!" त्या ओरडल्या आणि रडायला लागल्या.

पेपर अकरा वाजता सुरू व्हायचा होता आणि सात मिनिटं उरली होती. सरांनी सातचा की-बोर्ड काढला, तो जुना दणकट, निरीक्षकांकडे बघून विचारलं, "ह्याला तर सील न्हाई?" आणि त्यांच्या उत्तराची वाट न बघता अकराला जोडला. खुर्चीही सातची आणून ठेवली. मग खाली जाऊन गिरणीवाल्याच्या दारात उभे राहिले, परीक्षा संपेपर्यंत त्यानं पट्टा ओढून गिरणी सुरू करू नये म्हणून. पूर्ण दीड तास. परीक्षा बघायलाही वर आले नाहीत.

मी मात्र बघितली. वंदनाताईंची बोटं पहिली दोन मिनिटं कळाच शोधत होती. दर शब्दाला चूक, दर चुकीला त्या नाक ओढायच्या. मी मनात शब्द मोजत होते आणि ते कमी पडत होते. तिसऱ्या मिनिटाला कुठंतरी हात बसला. कळा आपटल्याचा तो जड आवाज, जो चार महिने माझ्या डोक्यात जायचा, तो सुरू झाला, आणि मी मोजणं सोडून दिलं.

त्या पास झाल्या. काठावर, पण पास. पेढे घेऊन आल्या तेव्हा सरांकडे न बघता पेढे माझ्या हातात दिले.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी सरांनी सातला परत तपासणी लावली. पहिला दिवस काही नाही. दुसरा दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या उन्हात एक लाल रेघ आली.

"म्हणजे परीक्षेच्या दीड तासात काही झालं नसतं," मी म्हटलं.

"बहुतेक न्हाई."

"मग सर, तुम्ही उगाच..."

"बहुतेकावर आपलं काय जातं पोरी? जाणार तिचं होतं." आणि त्यांनी पट्टी काढून घेतली. मला परत 'पोरी' म्हणाले म्हणून मला रडू आलं, आणि त्यांना ते कळलं की नाही मला माहीत नाही.

केंद्र गेलं. तालुक्याच्या गावात गोष्ट जिन्यावरून खाली उतरेपर्यंत तिला पाय फुटतात. मेलेल्या मशीनचं भंगार परीक्षेच्या मशीनमध्ये घातलं आणि पकडले गेले, अशी ती झाली. निरीक्षकांनी पकडलं, असंही झालं. मुलं दुसऱ्या संस्थेत जायला लागली. मी तीन महिन्यांत लातूरला नोकरी धरली. सरांनी अनुभवाचा दाखला स्वतः टाईप करून दिला, त्यात 'काम प्रामाणिक' असं होतं. मी म्हटलं, सर, हा शब्द काढा. ते म्हणाले, "सांगितलंस की तू. उशिरा, पण सांगितलंस." वर्षभरात संस्था बंद झाली आणि सर नांदेडला मुलीकडे गेल्याचं कानावर आलं. मी नोकरीत, लग्नात, लेकरात गुंतत गेले. म्हणजे मी तसं म्हणते.

याला सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात मामांच्या जमिनीच्या एका कागदाची नक्कल हवी होती म्हणून मुखेडला गेले. खिडकीवर वंदनाताई होत्या. अंग भरलेलं, डोळ्याला चष्मा, बोलण्यात साहेबी. मला ओळखलं, आत बोलावलं, चहा मागवला. त्यांचा कॉम्प्युटर फारच हळू चालत होता. पलीकडच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, मॅडम, जुन्या मशीनमधली रॅम काढून ह्यात घालून घेऊ का, पळायला लागेल.

"नगं रे बाबा," वंदनाताई म्हणाल्या. "जुनं सामान नगंच. ह्या मॅडमला विचार. आमच्या त्या सरांनी असंच भंगार घालून माझी नोकरी घालवली असती. ऐन परीक्षेत उठवलं मला. निरीक्षकाला सापडलं म्हणून वाचले. माणूस गोड होता, पण लई कच्चा."

सहकारी हसला. रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "भंगार सर का?" आणि आणखी दोघं हसले.

मी चहाचा कप खाली ठेवला. सहा वर्षं मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. म्हटलं, "ताई, निरीक्षकांना काही सापडलं नव्हतं. सात नंबर मी तपासला होता. त्यात खराबी दिसली होती आणि मी तरी पास म्हणून सही केली, गाडी चुकू नये म्हणून. सकाळी तुमचं नाव दिसलं तेव्हा सरांना सांगितलं. निरीक्षक तर म्हणत होते, राहू द्या, बसवा तिथंच. सरांनी ऐकलं नाही. चूक माझी आहे असं लिहून दिलं. माझी म्हणजे, त्यांची म्हणून."

वंदनाताईंनी चष्मा काढला.

"निरीक्षक न्हाई म्हणला होता?"

"हो."

"तरी लिवून दिलं?"

"हो."

"अन् मी त्येंच्यावर वरडले." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अन् तुमी? गावात त्येंचं नाव असं झालं, तव्हा तुमी काय केलं?"

मी काहीच केलं नव्हतं, आणि त्यांना ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण त्यांनी परत विचारलं नाही. मागं रांग वाढत होती. त्यांनी खिडकीची फळी आतून ओढून घेतली, ड्रॉवरमधून पर्स काढली आणि उठून उभ्या राहिल्या.

"आज अर्धी रजा टाकते. बारा वाजता नांदेडची गाडी हाय. पत्ता सांगा त्येंचा."

पत्ता माझ्याकडे नव्हता. सहा वर्षांत तो मी कुणाला विचारलाच नव्हता.